चाळीस पेनींचे शिलिंग किती?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचं लिन हे चौदाव्या शतकातलं भरभराटीचं बंदर. लोकर, मीठ, धान्य आणि मासळीच्या व्यापारावर गब्बर झालेल्या लोकांचं गाव. १३८३ साली एका शुक्रवारी या गावात एम्मा डी बेस्टन नावाच्या बाईला राजाच्या माणसांपुढे आणलं गेलं आणि तिला प्रश्न विचारण्यात आले. कुठून आलीस? माहीत नाही. हे गाव कोणतं? एली. आज वार कोणता? ठाऊक नाही. आठवड्याचे दिवस किती? सात, पण त्यांची नावं सांगता येईनात. लग्नं किती झाली? तीन, नाव मात्र एकाच नवऱ्याचं आठवलं. मूलबाळ? एक मुलगा झाला होता, त्याचं नाव माहीत नाही. चाळीस पेनींचे शिलिंग किती? नाही सांगता येत. वीस ग्रोट घेशील की चाळीस पेनी? दोन्ही सारखंच.

हे सगळं सरकारी दप्तरात उतरवलं गेलं आणि ते दप्तर शाबूत राहिलं. म्हणून एका भांबावलेल्या बाईची उत्तरं सव्वासहाशेहून अधिक वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. तिच्या काळच्या लाखो शहाण्या माणसांचं एक वाक्यही शिल्लक नाही.

त्यातले पैशांचे दोन प्रश्न नीट पाहण्यासारखे आहेत. बारा पेनींचा एक शिलिंग. तेव्हा चाळीस पेनी म्हणजे तीन शिलिंग आणि वर चार पेनी. उत्तर सरळ येत नाही, थोडं थांबून हिशेब करावा लागतो. आणे-पैच्या जमान्यातल्या आजीला ‘पन्नास आण्यांचे रुपये किती गं?’ विचारावं, तसा हा प्रश्न. दुसरा त्याहून खुबीचा. ग्रोट हे चार पेनींचं चांदीचं नाणं. वीस ग्रोट म्हणजे ऐंशी पेनी. म्हणजे विचारलंय ते असं, की दुप्पट हवेत की निम्मे? चाळीस हा आकडा विसापेक्षा मोठा दिसतो, त्याला भुलून कोणी ‘चाळीस’ म्हणेल. बाजारहाट करणारी बाई मात्र पटकन ‘वीस ग्रोट’ म्हणेल. प्रश्न काढणारा माणूस कोणी का असेना, डोकं तल्लख होतं.

आता या यादीत काय नाही ते बघा. कुठल्या देवाला मानतेस, हा प्रश्न नाही. कानात कोणी बोलतं का, रात्री सैतान दिसतो का, हेही नाही. ज्या युगाबद्दल आपली समजूत अशी की वेड लागलं की अंगात भूत शिरलं म्हणायचे, झोडपायचे नाहीतर जाळायचे, त्या युगातले सरकारी अधिकारी वार, गाव, नवरा, मुलगा आणि सुट्टे पैसे यांबद्दल विचारत होते. चौकशीचा कौल गावातल्या प्रतिष्ठितांचा, वैद्याचा नव्हे की पाद्र्याचाही नव्हे. त्यांनी लिहून दिलं की स्वतःला, जमिनीला आणि मालमत्तेला सांभाळण्याइतकी अक्कल वा स्मृती हिच्यापाशी नाही. हे चेहऱ्यावरूनही कळतं, एवढी पुस्ती जोडण्याचा मोह मात्र त्यांना आवरला नाही.

खरी गोम ‘जमीन’ या शब्दात आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाच्या खास हक्कांची एक यादी तयार झाली. ‘प्रेरोगाटिवा रेगिस’ म्हणजे राजाचे विशेषाधिकार, या नावाने ती ओळखली जाते. किनाऱ्याला लागलेले देवमासे कोणाचे, बुडालेल्या जहाजाचा माल कोणाचा, असल्या कलमांच्या रांगेत दोन कलमं बुद्धी नसलेल्यांबद्दल आहेत. पहिलं जन्मतः मंदबुद्धी असलेल्यांसाठी. अशा माणसाची जमीन राजाने ताब्यात घ्यावी, तिची नासाडी होऊ देऊ नये, त्या माणसाचं खाणंपिणं पाहावं, उरलेलं उत्पन्न स्वतः खावं आणि तो वारला की जमीन खऱ्या वारसांच्या हवाली करावी. दुसरं कलम आधी शहाणा असून पुढे बुद्धी गमावलेल्यांसाठी. इथे राजाला एक छदामही घेता येत नाही. उत्पन्नातून त्या माणसाचं आणि त्याच्या घरच्यांचं पोट चालवायचं, उरेल ते बाजूला ठेवायचं, आणि तो पुन्हा भानावर आला की सगळं त्याचं त्याला परत करायचं. तो तशाच अवस्थेत मेला, तर शिल्लक त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी दानधर्मात द्यायची.

परत करायचं! मला या कलमाचं सगळ्यात नवल वाटतं ते याचं. कायदा लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की वेड बरं होतं, किंवा निदान मधून मधून उतरतं. वेड्याचा आणि मेलेल्याचा हिशेब त्याने एका खात्यात मांडलेला नाही.

मंदबुद्धी ठरवलं तर राजाची चांदी आणि नंतर वेड लागलं असं ठरवलं तर राजाच्या हाती फक्त जबाबदारी, असा हा मामला. त्यामुळे माणूस कुठल्या रकान्यात बसतो याला फार महत्त्व. ते ठरवायला जिल्ह्याचा एस्चीटर, म्हणजे राजाकडे येणाऱ्या जमिनींचा हिशेब ठेवणारा अधिकारी, शेजारपाजारच्या बाराएक माणसांना शपथेवर बसवी. हा जन्मापासून असा आहे का? नसेल तर कधीपासून? कशाने झालं? अधूनमधून शुद्धीवर येतो का? जमीन किती, वर्षाला देते किती, जवळचा वारस कोण? कौल मान्य नसेल तर त्या व्यक्तीला किंवा तिच्या आप्तांना थेट राजाच्या चॅन्सरीत, म्हणजे मुख्य कचेरीत, जाऊन ‘मला पुन्हा तपासा’ असं म्हणता येई. बरा झालेला माणूसही नव्याने चौकशी लावून घेऊ शके. शेजाऱ्यांचा कल कोणीकडे असणार हे वेगळं सांगायला नको. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानेही नोंदवून ठेवलंय की ज्यूरी जन्मतः मंदबुद्धी असा कौल क्वचितच देते. अमुक तारखेपासून भान गेलं, असंच म्हणते. एका तारखेने एक घर वाचत होतं.

कारण विचारलं की उत्तरं येत ती अशी: मोठा ताप आला होता, डोक्यावर घाव बसला होता, जबर धास्ती घेतली. सैतानाचं नाव या दप्तरांत अगदी विरळा. गंमत म्हणजे ज्या विरळ नोंदींत ते येतं, त्यांतली एक आपल्या एम्माचीच. दुष्ट आत्म्यांनी लावलेल्या फासांमुळे तिचं भान गेलं, असं तिच्या प्रकरणात एकदा लिहिलं गेलं. पण त्या कौलातून कोणी तिला मांत्रिकाकडे पाठवलं नाही. जन्मापासूनची नाही, मागाहून झालेली एवढंच त्यातून कायद्याच्या कामाचं होतं. ज्या गादीच्या नावाने ही सगळी उठाठेव चालली होती, त्या गादीवर तेव्हा दुसरा रिचर्ड होता. वय वर्षं सोळा.

एम्माच्या चौकशीनंतर सुमारे दहा वर्षांनी याच लिन गावात दुसऱ्या एका बाईचं भान गेलं. मार्जरी केम्प. बाप पाच वेळा गावचा मेयर झालेला, म्हणजे घराणं बडं. विशीत लग्न झालं, पहिलं बाळंतपण अवघड गेलं, मनात एक कबूल न केलेलं पाप सलत होतं आणि त्यातच ती बिथरली. आठ महिन्यांच्या आसपास ती त्या अवस्थेत होती. नवऱ्याला, मित्रमंडळींना आणि स्वतःला शिव्याशाप देई. एकदा स्वतःचा हात असा कडाडून चावली की वण जन्मभर राहिला. छातीवरची कातडी नखांनी ओरबाडली. रात्रंदिवस बांधून ठेवावं लागे. हे आपल्याला कळतं ते तिच्याच तोंडून, कारण म्हातारपणी तिने आपलं चरित्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. त्याचं हस्तलिखित १९३४ साली एका जुन्या घरात सापडलं, तोवर ते जवळजवळ विस्मृतीत गेलेलं होतं.

मार्जरीला भूतं दिसत होती, आणि ती शुद्धीवर आली ती ख्रिस्त पलंगाच्या कडेला येऊन बसल्याचं दिसल्यावर. हा भाग अभ्यासकांनी खूप चघळलेला आहे. मला त्याच्या पुढची चार वाक्यं जास्त बोलकी वाटतात. भान येताच तिने नवऱ्याकडे कोठीच्या किल्ल्या मागितल्या. पूर्वीसारखं आपल्या हाताने खायला-प्यायला घेईन म्हणाली. दासी आणि राखणीला ठेवलेली माणसं नवऱ्याला म्हणाली, देऊ नका, ही सगळं वाटून टाकेल, आपण काय बोलतोय हे हिला कळत नाही. नवऱ्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं असेल का, ते चरित्रात नाही. त्याने किल्ल्या द्यायला सांगितलं, एवढं आहे. तिने हाताला लागेल ते खाल्लं-प्यायलं आणि आपली माणसं ओळखली. बरी झाली की नाही याची चौकशी इथेही झाली. फक्त ती स्वयंपाकघराच्या दाराशी झाली आणि न्यायाधीश नवरा होता. किल्ल्या आणि ग्रोट. दोन्ही ठिकाणी विचारलेलं एकच: हिच्या हाती घर सोपवता येईल का?

जिच्यापाशी जमीनही नाही आणि बडा बापही नाही, तिचं काय? अशीही एक बाई मार्जरीच्या चरित्रात येते. तीही नुकती बाळंत झालेली. कोणी जवळ गेलं की किंचाळायची, अंगावर धावून जायची, चावायची. शेजाऱ्यांना तिचा आरडाओरडा सोसवेना, तेव्हा तिला गावाच्या टोकाला एका खोलीत नेऊन हातपाय साखळदंडाने बांधून ठेवलं. मार्जरी आली की ती शांत होई. ‘तुमच्याभोवती देवदूत दिसतात’ म्हणे. दुसरं कोणी आलं की पुन्हा आकांत. मार्जरी रोज एकदा तरी, कधी दोनदा जायची. पुढे ती बाई बरी झाली आणि बाळंतपणानंतरच्या रीतीप्रमाणे चर्चमध्ये आणली गेली. साखळदंड आणि रोजची भेट एकाच खोलीत होती. मध्ययुगात क्रौर्य होतं की करुणा, या वादात पडणाऱ्यांनी ही खोली एकदा डोळ्यांपुढे आणावी.

बांधणं हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये टॉमस बेकेट या संताच्या चमत्कारांच्या रंगीत काचा आहेत, तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यांत फोर्डविचच्या हेन्रीची जोडचित्रं आहेत. पहिल्यात दोघं जण त्याला काठ्यांनी मारत संताच्या थडग्याकडे ओढत आणताहेत. हात पाठीमागे बांधलेले. दुसऱ्यात हेन्री गुडघे टेकून हात जोडून बसलाय, आणि दोऱ्या नि काठ्या जमिनीवर पडल्या आहेत. ती मारणारी माणसं कोणी शत्रू नव्हेत, त्याचीच माणसं आहेत. त्यांनी त्याला गावात मोकाट सोडून दिलं नाही. वाट तुडवत थडग्यापर्यंत आणलं.

आणि इस्पितळं? लंडनचं बेथलेहेम १२४७ साली सायमन फिट्झमेरी या व्यापाऱ्याने दिलेल्या जागेवर मठ म्हणून उभं राहिलं. पुढे ते वेड्यांचं इस्पितळ म्हणून इतकं गाजलं की इंग्रजीत गोंधळाला त्याचंच नाव पडलं. पण १४०३ साली तिथल्या कारभाराची चौकशी झाली तेव्हा भान हरपलेले रुग्ण सापडले सहा. फक्त सहा. त्याच सुमारास तिथल्या सामानाची जी यादी झाली, तीत चार जोड हातबेड्या, अकरा साखळ्या, सहा कुलुपं आणि दोन खोडे आहेत. म्हणजे माणसांपेक्षा लोखंड जास्त. चौकशी लागली ती मात्र बेड्यांवरून नव्हे, पीटर टॅव्हर्नर या दरवानाने संस्थेचा माल लांबवल्यावरून. आख्ख्या देशातले बाकीचे वेडे घरात, शेजारात, तीर्थाच्या वाटेवर होते.

वेडाच्या भरात कोणी खून केला तर? ज्यूरी सांगे की हातून घडलं ते भ्रमात घडलं. प्रकरण राजाकडे जाई आणि राजा माफी देई. मग त्या माणसाला तुरुंगात नाहीतर नातेवाइकांच्या जामिनावर त्यांच्या राखणीत ठेवत. आत्महत्या करणाऱ्याची चीजवस्तू राजा जप्त करी, पण भान नसताना जीव दिला असं ठरलं तर घरच्यांकडे राही. इथेही वेड पांघरून पेडगावला जाणारे किंवा जाणाऱ्याला वाट दाखवणारे असतीलच. कनवाळू शेजाऱ्यांची ज्यूरी असली की कौल कसा येणार?

सगळ्या वेड्यांचा पालक राजा. मग राजालाच वेड लागलं तर?

१४५३ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. फ्रान्समध्ये कास्तियोंच्या लढाईत इंग्रजांचा धुव्वा उडाल्याची बातमी नुकतीच आलेली. बत्तीसाव्या वर्षात असलेला सहावा हेन्री एकाएकी गप्प झाला. बोलेना, ओळखेना, उठवल्याशिवाय उठेना. १३ ऑक्टोबरला त्याला मुलगा झाला. बाळाला पुढ्यात धरलं, राणीनेही धरून पाहिलं; राजाने नजर खाली वळवली, बस्स. पुढच्या मार्चमध्ये चॅन्सेलर वारला आणि नवा नेमायला राजाचा शब्द हवा, म्हणून सरदार आणि बिशपांचं शिष्टमंडळ विंडसरला गेलं. त्यांनी विचारलं, विनवलं, जेवण करून आले, पुन्हा विचारलं. हूं की चूं नाही. दोघांनी धरून त्याला दुसऱ्या खोलीत नेलं, तिथे तिसऱ्यांदा विचारलं. तरी नाही. त्यांनी परत येऊन हे जसंच्या तसं पार्लमेंटला सांगितलं. लिनच्या एम्माची झाली तशीच ही चौकशी होती, एवढंच की त्यात कोणाला ‘कौल’ म्हणण्याची छाती नव्हती. यॉर्कच्या ड्यूकला संरक्षक नेमून कारभार पुढे ढकलण्यात आला.

१४५४ च्या नाताळात हेन्री शुद्धीवर आला. राणी बाळाला घेऊन आली, तेव्हा त्याने विचारलं, याचं नाव काय? एडवर्ड, असं सांगितल्यावर त्याने हात वर करून देवाचे आभार मानले आणि म्हणाला, आजवर मला काय सांगितलं गेलं ते काहीच कळलं नव्हतं. तेव्हा मुलगा सव्वा वर्षाचा होता. राजपदासाठी ‘परत करायचं’ हे कलम अर्थातच नव्हतं. ड्यूककडून कारभार निघाला, आणि काही महिन्यांतच सेंट ऑल्बन्सला त्याच्या आणि राजाच्या माणसांत तलवारी उपसल्या गेल्या.

वेड लागलेल्याचं आणि त्याच्या हिश्शाचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आणखी आधी दिलं गेलं होतं, आणि तेही जमिनीच्याच अंगाने. अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिच्यात वाटणीच्या प्रकरणात वेड्याला हिस्सा नाही. पण जन्मभर पोसण्याचं बंधन घरावर आहे. त्याचे धडधाकट मुलगे हिस्सा घेतात, मुलींचा लग्नापर्यंत सांभाळ करायचा. आणि वाटणी होऊन गेल्यावर तो औषधाने बरा झाला तर? तर त्याला हिस्सा मिळतो. इंग्लंडच्या कलमात भान परत येतं ते कशाने, हे सांगितलेलं नाही. इथे औषधाचं नाव आहे, हे मला तरी विशेष वाटतं. पण तिथे जमिनीच्या मागे उभा आहे राजा, इथे भाऊबंद. चौकशी करणारा अधिकारी नाही, म्हणून आपल्याकडच्या एम्माची उत्तरं कोणी लिहून ठेवली नाहीत.

हे दोन्ही कायदे पुढे मुंबईत एकाच छपराखाली आले. हिंदू कुटुंबाची वाटणी मिताक्षरेप्रमाणे आणि ‘व्यवहारमयूख’ या दुसऱ्या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे होई. पण वेड लागलेल्याची आणि त्याच्या मिळकतीची देखभाल हा अधिकार १८६५ च्या सनदेच्या सतराव्या कलमाने मुंबई उच्च न्यायालयाला दिला होता, राजाच्या त्याच जुन्या विशेषाधिकाराच्या वारशातून. १९१२ च्या वेडाविषयीच्या कायद्यातही चौकशी लावून माणूस स्वतःचा कारभार पाहू शकतो का हे ठरवण्याचं प्रकरण होतं. वारसाहक्कातला अडसर आधी १९२८ मध्ये बराचसा आणि १९५६ मध्ये पुरता निघाला. मिळकतीच्या देखभालीचं प्रकरण १९८७ च्या कायद्यापर्यंत टिकलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या हक्कांना पुष्कळ जागा दिली, प्रत्येकाला निर्णयक्षम मानूनच सुरुवात केली. मिळकतीचं प्रकरण मात्र त्यातून गळालं.

त्यामुळे कोणी कोमात गेलं, कोणाला स्मृतिभ्रंश झाला, आणि बँकेतले पैसे औषधपाण्यासाठी काढायला सही करणारं कोणी नाही, अशी वेळ आली की घरची माणसं आज उच्च न्यायालयात जातात. न्यायालय राजाच्या जागी उभं राहून पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याची एक पद्धत घालून दिली. डॉक्टरांचं मंडळ तपासतं, आणि शिवाय तहसीलदाराच्या दर्जाचा महसूल अधिकारी घरी जाऊन माणूस कुठल्या अवस्थेत आहे, मिळकत काय आहे, वारस कोण आहेत ते पाहून अहवाल देतो. पालकाने मिळकत वापरायची ती त्या माणसासाठीच, आणि ठरावीक मुदतीने हिशेब सादर करायचा.